दहीभाताचा नमुना

रंगराव मोहोळकरांचं पत्र आलं तेव्हा मी नोकरीत नुकताच कायम झालो होतो. निळं आंतर्देशीय, छापल्यासारखं अक्षर, समास सोडून लिहिलेला मजकूर आणि शेवटी एकच प्रश्न. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. म्हणजे लिहिलं पुष्कळदा, पाठवलं एकदाही नाही. मुळात मी पत्रांना भिणारा माणूस. पुस्तकांचं बरं असतं, ती उलट विचारत नाहीत.

पण त्या प्रश्नाआधी दहीभाताचं सांगायला हवं.

"ब्रदर, ह्या भाताचं वजन किती असेल?"

मोहोळकर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. वॉर्डातल्या लांब बाकाच्या टोकाला ते बसले होते, पुढ्यात भात-आमटीची थाळी होती आणि तिला त्यांनी बोट लावलेलं नव्हतं.

"मला नाही सांगता यायचं," मी म्हणालो.

"नजरेनं वजन सांगता येत नाही. मग त्यात काय घातलंय ते कसं सांगाल?"

"काही घातलेलं नाही, मोहोळकर."

"तुम्ही शिजवलंय?"

"नाही."

"मग?" असं म्हणून त्यांनी थाळी माझ्याकडे सरकवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

ते मनोरुग्णालय गावाबाहेर होतं. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करून मानसिक आजारांच्या नर्सिंगचं वर्षभराचं शिक्षण घ्यायला मी तिथं आलो होतो. पुरुष नर्सला सगळे ब्रदर म्हणत. माझं आडनाव खैरमोडे. पण एप्रनच्या खिशात कायम पुस्तक असल्यामुळे वॉर्डाच्या मुख्य सिस्टर मला ग्रंथपाल म्हणायच्या. त्यांना ठाऊक नव्हतं, की आमच्या तालुक्याच्या वाचनालयात खरोखरच तशी एक जागा निघाली होती आणि मामांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. "वेड्यांत राहिलास तर मुलगी कोण देणार?" असं मामा म्हणायचे. मला स्वतःलाही वाटायचं, हे काम धीट माणसांचं. मी रुग्णाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलूसुद्धा शकत नव्हतो.

मोहोळकर कराडच्या बाजूचे, वजनमापे खात्यात निरीक्षक. बाजारात जाऊन दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि वजनांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. आपल्या अन्नात बायको काहीतरी घालते असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ते घरचं खाईनात, मग दारचं खाईनात. एकदा मेव्हण्यानं आग्रह केला, तर त्याच्या डोक्यात लोखंडी वजन घातलं. म्हणून त्यांना इथं आणलं. इथंही तेच. नळाखाली ओंजळ धरून पाणी तेवढं प्यायचे. गोळीला हात लावायचे नाहीत. इंजेक्शन द्यायचं तर असं खंगलेलं अंग सोसणार नाही, आधी पोटात काही जाऊ दे, असं डॉक्टरांचं म्हणणं. राऊंडला त्यांनी सांगून ठेवलं, "सोमवारपर्यंत खाल्लं नाही, तर नळी."

नळी म्हणजे नाकातून पोटात घालायची रबरी नळी. दुसऱ्या एका रुग्णाला ती घालताना मी पाहिली होती. चौघांनी धरला होता त्याला. एक पाय धरायला मी होतो. नंतर मी मागच्या हौदाशी जाऊन ओकलो.

"एवढं कशाला?" परीटमामा म्हणाले. ते वॉर्डातले जुने नोकर, थाळ्या वाढायचं काम त्यांचं. "आमटीत घालायचं औषध. काय कळतंय त्याला?"

"माझ्या वॉर्डात नाही, परीट," सिस्टर उजागरे म्हणाल्या. सुवार्ता उजागरे, जालन्याकडच्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. "ज्याला अन्नात काही आहे असा संशय आहे, त्याच्या अन्नात आपणच घालायचं? मग वेडा कोण?" आणि माझ्याकडे वळून, "ऐक रे ग्रंथपाल. संशयी माणसाशी वाद घालायचा नाही. त्याला होही म्हणायचं नाही. जवळ बसायचं."

मी जवळ बसू लागलो. तेवढं मला जमत होतं.

गुरुवारी त्यांची बायको आली. अनसूयाबाई. गावातल्या धर्मशाळेत उतरल्या होत्या, तिथंच चुलीवर रांधून त्यांनी डबा आणला होता. उंच, हाडकुळ्या, कोणाकडे वर मान करून न बघणाऱ्या. बाहेरून आलेला प्रत्येक डबा आधी सिस्टरांच्या खोलीत उघडायचा, आत ब्लेड, नाणं, काच काही नाही ना ते चमच्यानं चाचपून पाहायचं आणि मगच रुग्णाला द्यायचा, असा नियम होता. डब्यात दहीभात निघाला. वर मोहरीची फोडणी.

मोहोळकरांनी डबा पाहिला आणि हसले. "आली का!"

"थोडं खाऊन बघा," मी म्हणालो.

"तुम्ही खाता?"

रुग्णाचं अन्न कर्मचाऱ्यानं खायचं नाही, हाही नियमच. पण सोमवार डोळ्यांपुढे होता. इकडेतिकडे पाहून मी म्हणालो, "खाऊन दाखवतो."

"दाखवू नका. खा. निम्मा खा. आणि वरचा नाही, तळातला. नमुना वरचा घ्यायचा नसतो. दुकानदार वर चांगला माल ठेवतो."

मी तळातला दहीभात खाल्ला. चांगला होता, किंचित आंबट. मोहोळकरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आता तासभर बसा. तुम्हाला काही झालं नाही तर मी खाईन."

त्या तासात ते जेवढं बोलले, तेवढं इथं आल्यापासून कोणाशी बोलले नव्हते. पारड्याच्या बुडाला चिंच कशी चिकटवतात, मापाला आत कसा पोचा पाडतात, तेलवाले काय करतात, सोनार काय करतात.

"सगळेच फसवतात का हो?" मी विचारलं.

"सगळे नाही. पण तपासल्याशिवाय कसं कळणार, कोण नाही ते?"

तास भरला. त्यांनी माझे डोळे पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली, आणि उरलेला भात खाल्ला. शेवटचं शीतही ठेवलं नाही.

"काय जादू केलीस?" सिस्टरांनी विचारलं. मी नुसता हसलो. खाल्ल्याचं सांगितलं नाही.

शुक्रवारी तेच. त्या रात्री मोहोळकर झोपले, असं रात्रपाळीवाल्यानं सांगितलं. शनिवारी सकाळी त्यांनी कंगवा मागितला. परीटमामांना म्हणाले, "चहा पाणचट आहे तुमचा." परीटमामा खूष. "माणसात आलं बघा!"

माझं मात्र काहीतरी बिघडत होतं. दुपारी पुस्तक उघडलं की एका ओळीवरून दुसरीवर जायच्या आत डोळे मिटायचे. तोंडाला कोरड. बसलो तर पाय स्वस्थ राहीनात, उठलो तर बसावंसं वाटे. परीटमामा डोळा मारून म्हणाले, "लग्नबिग्न ठरलं काय, ब्रदर? झोपेत चालताय."

शनिवारी दुपारी कापूस आणायला मी सिस्टरांच्या खोलीत गेलो. टेबलावर मोहोळकरांचा डबा उघडा होता. शेजारी भ्रमावरच्या थेंबांच्या औषधाची बाटली होती. ह्या थेंबांना ना रंग, ना वास, ना चव. आणि सिस्टर पाठमोऱ्या उभ्या राहून नळाखाली ड्रॉपर धूत होत्या.

"दार वाजवून येत जा रे," त्या न वळता म्हणाल्या.

दुसऱ्या कोणी तिथल्या तिथं विचारलं असतं, की हे काय. मी कापूस घेऊन बाहेर आलो. विचारण्यापेक्षा संशय घेणं मला सोपं जातं, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. माझ्या वॉर्डात नाही, असं म्हणायला काय जातं? म्हणूनच त्यांनी माझी जादू फारशी खोदून विचारली नाही. म्हणूनच मोहोळकर झोपायला लागले. आणि मी? तळातला निम्मा मी खात होतो.

डबा घेऊन मी बाकावर गेलो. मोहोळकर वाट पाहत होते.

"आज उशीर?"

"कापूस आणायला गेलो होतो."

"तोंड का उतरलंय?"

"कुठं काय."

खाल्लं नाही तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की ते पुन्हा भिंतीकडे वळणार, सोमवारी नळी. मी तळात चमचा घातला. प्रत्येक घास जिभेवर फिरवून पाहिला. दही, मीठ, मोहरी. दुसरं काही लागलं नाही. पण लागणारच नव्हतं.

मोहोळकर घड्याळाकडे नाही, माझ्याकडे पाहत होते. "आज तुम्ही चाखत होतात," ते हळूच म्हणाले. "काल-परवा नुसते खात होतात."

तास भरला तरी त्यांनी भात खाल्ला नाही. डब्याला झाकण लावलं आणि मांडीवर घेऊन बसले.

थोड्या वेळानं माझी मान डावीकडे वळली.

मी वळवली नव्हती. मी सरळ करू गेलो, ती होईना. कोणीतरी हनुवटीला दोर बांधून खांद्याकडे ओढत असावं तशी ती जात राहिली. जबडा आवळला. डोळे आपोआप छताकडे चढले. "सिस्टर" म्हणायला गेलो तर जीभ जाड होऊन तोंडात अडकली. कानशिलात घण पडत होते.

मला मोहोळकर दिसत नव्हते, छत दिसत होतं. डबा खाली पडल्याचा आवाज आला. मग दोन हात माझ्या डोक्याला दोन्हीकडून लागले. कोरडे, खरखरीत, थंड हात.

"ओढू नका," कानाशी आवाज आला. "विरुद्ध ओढलं की जास्त दुखतं. सोडा. सैल सोडा मान माझ्या हातात. जातं हे. मला झालंय हे घरी, दोनदा. सोंग करतो म्हणाले सगळे." आणि मग सबंध वॉर्ड दणाणेल अशा आवाजात ते ओरडले, "सिस्टर! अहो सिस्टर! ब्रदरची मान बघा!"

सिस्टर धावत आल्या. एका नजरेत त्यांनी ओळखलं. ते औषध नवीन अंगाला, त्यातून तरुण माणसाला, असं करतं हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं जबडा सुटला, मग मान. तोवर मोहोळकरांनी हात काढले नव्हते.

सिस्टरांनी मला खोलीत नेऊन खुर्चीत बसवलं, दार लावलं. "काय खाल्लंस?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मला कसं ठाऊक?"

"दहीभात. त्यांच्या डब्यातला. तीन दिवस." आयुष्यात वरिष्ठांशी असं मी कधी बोललो नव्हतो. "तुम्हीच थेंब घातलेत त्यात. मी बाटली पाहिली."

सिस्टरांनी खाली पडलेला डबा आणवून घेतला होता, त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"बाटली पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांची. ते स्वतः मागून थेंब घेतात. विचार जाऊन त्यांना." मग म्हणाल्या, "माझ्यावर संशय घे, हरकत नाही. पण हा डबा माझ्याकडे येण्याआधी कोणाकडे असतो?"

मला धर्मशाळेतली चूल आठवली.

"मी रोज त्यात ब्लेड शोधत होते," त्या म्हणाल्या. "थेंब शोधायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. तो बिचारा रोज ओरडून सांगत होता, आणि आपण 'भ्रम' म्हणत होतो."

रविवारी अनसूयाबाई आल्या तेव्हा सिस्टरांनी त्यांना खोलीत बसवलं. मी कोपऱ्यात उभा होतो. सिस्टरांनी आडवळण घेतलं नाही. "बाई, भातात काय घालता?"

बाईंनी पदराआडून कापडी पिशवी काढली, पिशवीतून लहान बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांना कोणी विचारेल याची त्या दोन वर्षं वाट पाहत असाव्यात, असं मला वाटलं.

"घालतीया मी. दोन वर्सं झाली. तिकडच्या डाक्टरांनी दिलं. म्हणाले, घेत न्हाईत तर वरणात घाला, वास येत न्हाई. एकदा थांबिवलं होतं मी. मन खाई म्हणून. पंधरा दिसांत माझ्या भावाच्या डोक्यात वजन घातलं त्यांनी."

"आणि त्यांची मान वाकडी झाली तेव्हा?"

बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. "तेबी ह्यानंच? म्या म्हणलं, सोंग करत्यात." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

"त्यांना सांगा," सिस्टर म्हणाल्या. "मी नाही सांगणार. तुम्हीच सांगायचं."

"मी? मग जन्मात माझ्या हातचं पाणी पिणार न्हाईत ते!"

"आता तरी कुठं पितात, बाई?"

बाकावर मोहोळकर बसले होते. बाई समोर उभ्या राहिल्या. बाटली त्यांनी हातातच धरली होती. बोलायला तोंड उघडत आणि मिटत. मोहोळकर बाटलीकडे पाहत होते. मला मेव्हण्याच्या डोक्यातलं वजन आठवलं आणि मी एक पाऊल पुढं सरकलो. सिस्टरांनी डोळ्यानंच थांबवलं.

"मी घालत हुते," बाई म्हणाल्या. "तुमचं खरं हुतं."

परीटमामा हातात बादली घेऊन दारातच थबकले होते.

"किती थेंब?" मोहोळकरांनी विचारलं.

"पाच."

"मोजून?"

"मोजून. एकबी जास्त न्हाई. देवाशप्पथ."

"सकाळी की रात्री?"

"दुपारच्या जेवणात."

त्यांनी मान हलवली, एखाद्या दुकानदाराच्या जबाबात फरक सापडला नाही तर हलवत असतील तशी. मग सिस्टरांना म्हणाले, "म्हणजे मी वेडा नव्हतो."

"घालत होत्या, हे खरं," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही आजारी आहात, हेही खरं. त्या घालत होत्या तेव्हा तुम्हाला झोप लागत होती. परवा रात्रीही लागली."

मोहोळकरांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना ठाऊक नव्हतं."

"नव्हतं," सिस्टर म्हणाल्या.

"ठाऊक असतं तर कोण खाईल निम्मा? तोही तळातला." त्यांनी बायकोपुढे हात केला. "बाटली द्या इकडं. ब्रदर, पेल्यात पाणी आणा. माझ्यासमोर टाका. मी मोजतो."

मी थेंब टाकले. ते मोठ्यानं मोजत होते, आणि अनसूयाबाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. पाचव्या थेंबाला त्यांनी पेला घेतला, उजेडात धरून पाहिला आणि पिऊन टाकला.

"आज डबा आणलाय का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आणलाय. पण आज त्यात काय न्हाई."

मी सवयीनं चमचा उचलला. मोहोळकरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "राहू द्या. आज नमुना नको."

सोमवारी नळी लागली नाही. मामांना मी कळवलं की वाचनालयाची जागा नको. त्यांनी पुढं वर्षभर माझ्याशी अबोला धरला. तिथं मग दुसरा कोणी बसला असेल. मी निवृत्त होईपर्यंत वॉर्डातच राहिलो, कधी ह्या गावी, कधी त्या. चांगला नर्स होतो की नव्हतो, हे मला आजही सांगता येत नाही.

मोहोळकर घरी गेल्यावर त्यांचं ते निळं पत्र आलं. खुशाली होती, थेंब चालू आहेत, ही मोजते, मी तपासतो, असं होतं. आणि शेवटी: 'एक शंका राहिली आहे. त्या दिवशी आपली मान खरोखर वाकडी झाली होती, की मला पटावे म्हणून सिस्टरांनी आपणास तसे सोंग करावयास सांगितले होते? उत्तर काहीही आले तरी औषध बंद करणार नाही. तपासणी पुरी व्हावी एवढेच.'

'खरोखर झाली होती' असं लिहून मी कागद समोर धरला, तर सोंग करणाऱ्यानंही नेमकं तेच लिहिलं असतं. शपथ घालून लिहिलं, तर जास्तच संशयास्पद. सिस्टरांना विचारावं, तर त्यांचं ठरलेलं, वाद घालायचा नाही, होही म्हणायचं नाही. मग उरतं काय? कागद फाडत राहिलो. उत्तर गेलं नाही तरी अनसूयाबाईंकडून दर संक्रांतीला पाकिटातून चिमूटभर हलवा येत राहिला. मागे पत्ता मोहोळकरांच्या अक्षरात. अजून येतो, अक्षर आता थोडं हललंय. आणि खरं सांगायचं तर दर वर्षी तो दाणा जिभेवर ठेवण्याआधी मी क्षणभर थांबतो.

गेल्या महिन्यात केस कापायला गेलो होतो. न्हावी तरुण, बोलका. केस झाल्यावर मालिश करायला त्यानं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"काका, मान सैल सोडा."

"सोडलीय."

"कुठं? दगडासारखी धरलीय. विश्वास नाही होय माझ्यावर?" तो हसला. "सोंग नाही चालत इथं. हातात धरल्यावर लगेच कळतंय."

मी आरशात पाहिलं. माझं पांढरं डोकं आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात. मग घरी येईपर्यंत मला दुसरं काही दिसेना.

त्या संध्याकाळी उत्तर एका बैठकीत लिहून झालं.

'ती. रंगराव यांस नमस्कार. आपल्या पत्राला फार उशीर झाला. माझी मान खरी होती की सोंग, हे मला विचारू नका. माझा शब्द हा वरचा माल आहे. मान तुम्ही धरली होतीत, आणि मी सैल सोडेपर्यंत सोडली नव्हतीत. तुमच्या हातांना काय लागलं ते आठवून पाहा, आणि जमलं तर मला कळवा. मलाही ऐकायचं आहे. तुमचा, अनंत खैरमोडे.'

पोस्टाच्या दारातल्या लाल पेटीत पाकीट टाकलं. चार पावलं चाललो, मग परत फिरलो आणि तिच्या तोंडातून बोटं आत घालून चाचपून पाहिलं. बोटांना काही लागलं नाही, पाकीट आत तळाला पडलं होतं.